गोष्टीची पुस्तकं आणि कपाटाचं कुलूप

शाळेच्या ऑफिसात एक पत्र्याचं कपाट असतं. वरच्या खणांत हजेरीपट, दाखल्यांची पुस्तकं, पोषण आहाराच्या वह्या. खालच्या खणांत गोष्टीची पुस्तकं. प्रत्येक पुस्तकावर शाळेचा शिक्का आणि दाखल क्रमांक. तोच क्रमांक किमतीसकट नोंदवहीत. मुख्याध्यापकांची बदली झाली की चार्ज देताना खुर्च्या, घंटा, वजनकाटा मोजतात तशी ही पुस्तकंही मोजली जातात. चार कमी भरली तर जाणाऱ्याने खुलासा लिहायचा, नाहीतर पदरचे पैसे भरायचे. अशा व्यवस्थेत शहाणा माणूस कुलूपच लावतो. पुस्तक फाटलं नाही, हरवलं नाही, तपासणीत आकडा जुळला, की काम चोख झालं. ते किती मुलांनी वाचलं, याला नोंदवहीत रकानाच नाही.

बालसाहित्यावर पुण्यात कमी बोललं जात नाही. पाठ्यपुस्तकं आणि १९७१पासून ‘किशोर’ मासिक काढणारी बालभारती इथे आहे. मुलांची पुस्तकं काढणारे प्रकाशक इथे आहेत. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो. २०२४ साली पहिलीच्या पुस्तकातल्या कवितेतल्या ‘वन्समोअर’ या एका शब्दावरून राज्यभर वाद झडला. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आपण पेढे वाटले. पण या सगळ्या बोलण्यात मुलांनी काय वाचावं आणि लेखकांनी काय लिहावं, याच दोन प्रश्नांभोवती आपण फिरत राहतो. बालसाहित्यातून शिक्षण सुधारावं, समाज हलावा असं खरंच वाटत असेल तर त्याआधी विचारायला हवं, की सहा वर्षांच्या मुलाच्या हाताला पुस्तक रोज लागतं का, आणि ते त्याला कुणी वाचून दाखवतं का. माझ्या मते ‘काय लिहावं’चं उत्तरही यातूनच निघतं. ज्या पुस्तकापुढे रोज तीस मुलं बसतात, त्याचं खोटेपण आठवड्याभरात उघडं पडतं. कपाटातल्या पुस्तकाचं कधीच पडत नाही.

कायद्याची अडचण नाही. १ एप्रिल २०१०पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं असं लिहिलं आहे. त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि पुस्तकं हवीत, आणि ‘गोष्टीच्या पुस्तकांसह’ असा स्पष्ट उल्लेख आहे. समग्र शिक्षा योजनेत ग्रंथालयासाठी शाळेच्या स्तराप्रमाणे (प्राथमिक, उच्च प्राथमिक, माध्यमिक) वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांची तरतूद आहे. सरकार दरवर्षी शाळांची माहिती गोळा करतं त्या यू-डायसच्या अर्जात ग्रंथालय आहे का, पुस्तकं किती, हे विचारलं जातं. म्हणजे पुस्तकं घ्यायची सोय आहे, मोजायची सोय आहे. उघडायची सोय मात्र कुणी लावून दिलेली नाही.

हे पुण्याला तरी शोभत नाही. १८४८ साली बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. पुढे त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने चौदाव्या वर्षी मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. बक्षीस म्हणून खाऊ देऊ केला तेव्हा तिने ‘खाऊ नको, ग्रंथालय द्या’ म्हटल्याचं सांगतात. ही आठवण भाषणांत नेहमी येते. तिचा अर्थ मात्र पुरता लावला जात नाही. शाळेत काही वर्षं काढलेली मुलगी आपल्या वस्तीची हकीकत स्वतःच्या शब्दांत मांडते, आणि पुढे जायला काय लागेल हे तिला पक्कं ठाऊक असतं. वाचन, लेखन आणि समाजबदल यांचा संबंध याच शहरात एका मुलीच्या हातून दिसला होता. तो पुन्हा दिसावा यासाठी काय करावं लागतं, हे तपशिलात जाऊन पाहायला हवं.

आधी एक जुनी खोड. मराठी बालसाहित्य जन्मलं तेच शाळाखात्याच्या मांडीवर. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीति’ ही पुस्तकं १८२८च्या सुमाराची, शाळांना पुस्तकं हवीत म्हणून इंग्रजीवरून केलेली. गोष्ट सांगायची, खाली तात्पर्य द्यायचं, हा साचा तिथपासून रुळला. विनायक कोंडदेव ओकांचं ‘बालबोध’ १८८१चं, वासुदेव गोविंद आपट्यांचं पुण्यातलं ‘आनंद’ १९०६चं. या मासिकांनी मुलांना पुष्कळ दिलं आणि मराठी गद्य सोपं करून दाखवलं. पण तात्पर्याची सवय सुटली नाही. आजही पालक दुकानात ‘संस्कारांची पुस्तकं’ मागतात आणि गोष्ट संपताच वर्गात प्रश्न येतो, ‘यातून आपण काय शिकलो?’ मुलांना उत्तर पाठ असतं: खोटं बोलू नये, चोरी करू नये, मोठ्यांचं ऐकावं. गोष्ट कुठलीही असो, या तिघांतलं एक उत्तर चालून जातं. म्हणजेच गोष्ट ऐकलीच नाही तरी चालतं.

समजा, गोष्ट अशी आहे. वर्गातल्या एका मुलीची नवी कंपासपेटी दिसेनाशी होते. कुणी काही बोलायच्या आत सगळ्यांच्या नजरा एका मुलीकडे वळतात. तिची आई कचरा वेचते. मधल्या सुटीनंतर पेटी बाकाखाली सापडते आणि तास पुढे सुरू होतो. इथे ‘चोरी करू नये’ हे तात्पर्य काढलं तर गोष्टीवर अन्यायच होतो, कारण चोरी झालेलीच नाही. विचारायचा प्रश्न वेगळा आहे. सगळ्यांनी तिच्याकडेच का बघितलं? पेटी सापडल्यावर तिला कुणी काही म्हणालं का? तुम्ही त्या बाकावर असता तर काय केलं असतं? प्रश्न विचारून पाच-सात सेकंद गप्प राहायचं. शिक्षकाला ते फार लांब वाटतात, मुलांना तेवढे लागतातच. एखादं मूल म्हणेल, ‘तशी मुलं घेतात ना वस्तू.’ त्याला दटावलं तर ते पुढच्या वेळी आपल्याला हवं तेच बोलेल आणि मनातलं मनात ठेवील. ‘तुला असं कशावरून वाटलं?’ एवढंच विचारावं आणि पुस्तकाचं तेच पान पुन्हा उघडावं. एक पथ्य फार महत्त्वाचं: वर्गात खरोखर कचरावेचक बाईची मुलगी बसली असेल तर तिच्याकडे वळून ‘तू सांग, तुझ्याबरोबर असं होतं का?’ असं कदापि विचारू नये. गोष्टीचा आडोसा मिळतो म्हणून तर ती मुलगी या चर्चेत सुखाने बसू शकते. तो आडोसा काढून घेतला की ती पुन्हा त्या नजरांपुढे उघडी पडते.

समाजबदल म्हणजे मला एवढंच म्हणायचं आहे. चित्रपुस्तकाने जात जात नाही, घरातली मारहाण थांबत नाही. पण जे रोज घडतं आणि ज्याला नाव नसतं, त्याला शब्द मिळतात. दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघायची सवय लागते. ही सवय लहान वयात, वारंवार आणि भीती नसताना लागावी लागते. शाळेतल्या वाचनाच्या तासाइतकी चांगली जागा तिला दुसरी नाही.

आता नेहमीचा आक्षेप: ‘मुलांना अक्षरंच येत नाहीत, पुस्तकं काय द्यायची? आधी वाचायला शिकू देत.’ आक्षेप प्रामाणिक आहे आणि शिक्षकांवरचा ताण खरा आहे. २०२१च्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० आणि तिसरीच्या मुलाने किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत असं ठरलं. त्यातलं ‘अर्थ समजून’ मागे पडतं आणि मिनिटाचं घड्याळ तेवढं उरतं. मग मुलाला पुन्हा पुन्हा अक्षरांचे तक्तेच वाचायला लावले जातात. काना-मात्रा नसलेली अक्षरं आधी घ्यायची या हट्टातून ‘छगन, कमळ बघ’ छापाची वाक्यं आली. असं वाक्य कुठलीही आई बोलत नाही. वाक्यात अर्थच नसल्यामुळे पुढे काय येईल याचा अंदाज मुलाला बांधता येत नाही, आणि अर्थाचा आधार नसला की वाचन रखडतं. त्यापेक्षा म, क, ल अशी थोडी अक्षरं आणि काना, वेलांटी सोबतच घेतली तर दुसऱ्या आठवड्यात खरे, ओळखीचे शब्द जुळतात: मामा, मामी, काका, काकी, काम, कमी, माल. वर्णमालेचा क्रम मोडला म्हणून काही बिघडत नाही.

आणि अक्षरओळख चालू असतानाच, पहिल्या दिवसापासून, मुलांना पुस्तक वाचून दाखवायला हवं. त्यासाठी त्यांना अक्षर येण्याची गरज नाही. गरज आहे ती मोठ्या माणसाला वाचता येण्याची.

वाचून दाखवणं आणि गोष्ट सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे सांगण्याची परंपरा मोठी आहे. कीर्तनापासून आजीपर्यंत. पुष्कळ शिक्षक सुरेख गोष्ट सांगतात. पण गोष्ट तोंडी सांगितली की मुलाला ती शिक्षकाच्या तोंडातून आलेली दिसते. पुस्तकातली गोष्ट शब्दाला शब्द वाचली की हा आनंद त्या काळ्या खुणांमध्ये साठवलेला आहे, उद्याही तो तस्साच निघणार आहे, हे त्याला कळतं. शिवाय लिहिलेल्या मराठीची घडण बोलीपेक्षा वेगळी. ‘तिने दार ढकललं, तेव्हा आत कुणीच नव्हतं’ असं वाक्य कानावरून गेलं नसेल तर पुढे डोळ्यांपुढे आल्यावर अडखळायला होतं.

करायचं कसं, तर पुस्तक आदल्या दिवशी स्वतःशी मोठ्याने दोनदा वाचावं. थांबायच्या जागा दोनच ठरवाव्यात. प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक धरला आहे. ए-फोर आकाराच्या पुस्तकातलं चित्र दहाएक फुटांपलीकडे नीट दिसत नाही. म्हणून मुलांना बाकांवर न बसवता जमिनीवर दोन अर्धगोलांत बसवावं आणि आपण बुटक्या स्टुलावर बसावं. खिडकीकडे पाठ करून बसलं तर मुलांच्या डोळ्यांवर उजेड येतो आणि पान काळवंडतं. पुस्तक छातीशी आडवं धरून वाचायचं आणि मग चित्र फिरवून दाखवायचं, यात मुलांचा रस तुटतो. ते खांद्याशेजारी मुलांकडे तोंड करून धरावं आणि कडेने वाचावं. सवयीला चार दिवस लागतात. मुखपृष्ठ, लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव वाचावं, म्हणजे पुस्तक कुणीतरी माणूस करतो हे कळतं. बारा-पंधरा मिनिटांत वाचन संपावं. तेच पुस्तक त्या आठवड्यात तीनदा वाचावं. पहिल्या दिवशी मुलं ‘पुढे काय’ यात असतात, दुसऱ्या दिवशी चित्रातले बारकावे दिसतात, तिसऱ्या दिवशी वाक्यं त्यांच्या तोंडी येतात. तिसऱ्या दिवशी पुस्तक खाली ठेवलं की त्यावर उड्या पडतात. तेव्हा जे मूल अजून अक्षर जुळवतंय तेही ते पुस्तक ‘वाचतं’, आठवणीतून, बोट फिरवत. याला घोकंपट्टी समजून थांबवू नये. ठाऊक असलेलं वाक्य आणि छापलेला शब्द यांची गाठ याच वेळी बसते.

बिघडतं ते उत्साहापायी. प्रत्येक पानावर प्रश्न विचारले तर गोष्टीचा धागा राहत नाही. कठीण शब्द फळ्यावर लिहून अर्थ सांगितले की भाषेचा तास सुरू होतो. फार अभिनय केला तर मुलं पुस्तकाऐवजी शिक्षकाकडे बघतात. आणि ‘उद्या गोष्ट लिहून आणा’ म्हटलं की संपलं. दुसऱ्या दिवशी पुस्तक पाहून मुलांना गृहपाठच आठवतो.

पुणे जिल्ह्यात मुळशी, भोर, वेल्ह्याकडच्या द्विशिक्षकी शाळांत एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात. तिथे चौथीच्या मुलांनी पहिलीच्या मुलांना जोडीने वाचून दाखवणं हा उत्तम उपाय. यात मोठ्या मुलाचा फायदा जास्त होतो, कारण अडखळत वाचणाऱ्या चौथीच्या मुलाला पहिलीचं पुस्तक वाचायला आता लाज वाटत नाही. धाकट्यासाठी वाचतोय, हे कारण त्याला मिळतं.

पुस्तकांत कुणाचं जग दिसतं, हा यानंतरचा मुद्दा. मराठी चित्रपुस्तकातलं घर अजूनही पुष्कळदा तेच असतं: अंगण, तुळस, देवघर, पेपर वाचणारे आजोबा, ऑफिसला जाणारे बाबा, डब्यात पोळी-भाजी. असं घर पुस्तकात असावं. पण पुणे जिल्ह्यातल्या सरकारी शाळेत बसणाऱ्या कितीतरी मुलांचं घर पत्र्याचं, एका खोलीचं. आई चार घरची धुणीभांडी करते, बाप गवंड्याच्या हाताखाली, डब्यात भाकरी आणि सुकट. बांधकामावरच्या मजुरांची मुलं इमारत उभी राहिली की शाळा सोडून पुढच्या साइटवर जातात. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात महादेव कोळी आणि ठाकर, मावळ-मुळशीत कातकरी. या मुलांना पुस्तकात आपलं काही सापडलं नाही तर ती तक्रार करत नाहीत. पुस्तकं आपल्यासाठी नसतात, एवढाच बोध मुकाट्याने घेतात.

पण नुसतं पुस्तकात आणून भागत नाही. गरीब मूल गोष्टीत येतं ते बहुधा एकाच कामासाठी. गोष्टीच्या नायकाने त्याला जुना स्वेटर द्यावा, फटाक्यांचे पैसे वाचवून वही द्यावी, आणि आपण चांगले आहोत असं नायकाला वाटावं. त्या मुलाला नाव असलं तरी इच्छा नसते, राग नसतो, खोडी नसते. स्वेटर मिळाला की त्याचं काम संपतं. दान देणाऱ्याच्या बाजूने लिहिलेली ही गोष्ट दान घेणाऱ्या मुलापुढे वाचून पाहावी, मग तिच्यातला दोष सांगावा लागत नाही. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायांनी ओळखपत्रं मिळवली, आपल्या कामाला काम म्हणायला लावलं. भाव काय चाललाय, कुठलं प्लास्टिक कुठल्या ढिगात, हे त्या कामातलं ज्ञान आहे. त्या घरातल्या मुलीची गोष्ट लिहायची तर ती आईबरोबर भंगाराच्या दुकानात गेली असताना वजनात झालेली चूक पकडते, अशी का लिहू नये? दयेपेक्षा गणिताला जागा मिळेल.

बोलीचं तसंच. जुन्नर-आंबेगावकडचं मूल ‘माझं’, ‘तुझं’ऐवजी ‘मपलं’ आणि ‘तुपलं’ म्हणतं. पुस्तकात बोली दिसते ती गडी, भाजीवाली किंवा हसं करायचं पात्र यांच्या तोंडी. शहाणी माणसं प्रमाण मराठीत बोलतात. याचा अर्थ मुलाला अचूक समजतो. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद ज्याचा त्याच्या बोलीत, एवढी साधी वाटणी केली तरी दोन्ही भाषा मुलाच्या कानांवर मानाने पडतात. प्रमाण मराठी शिकायला नको असं कुणी म्हणत नाही. पण आपली भाषा टाकून ती घ्यायची, या अटीवर ती नको.

आणि लेखकांची वाट बघत बसायचं कारण नाही. एक ए-फोर कागद तीनदा निम्मा दुमडून उलगडला की आठ चौकोन पडतात. आडवा अर्ध्यात दुमडून, घडीच्या बाजूने मधल्या रेषेवर अर्ध्यापर्यंत एक काप द्यायचा, उघडून लांबीत दुमडायचा आणि दोन्ही टोकं आत ढकलायची. शिवण नाही, पिन नाही, आठ पानांचं पुस्तक तयार. मूल बोलेल तसं शिक्षकाने लिहायचं, ‘व्हतं’ तर ‘व्हतं’च. दुरुस्ती या पुस्तकात नाही, ती दुसऱ्या वहीत करता येईल. चित्रं मुलाने काढायची, मुखपृष्ठावर नाव मुलाचं. हे पुस्तक छापील पुस्तकांच्याच ओळीत ठेवायचं. वेगळ्या फळ्यावर, ‘मुलांचे उपक्रम’ म्हणून नाही.

प्रकाशकांना दोष देण्याआधी त्यांचा हिशेब समजून घ्यावा. चार रंगांत छापायचं तर प्लेटा, मशीन लावणं, चित्रकाराचं मानधन हा खर्च हजार प्रती काढा की पाच हजार, जवळपास तेवढाच येतो. मराठी चित्रपुस्तकाची आवृत्ती लहान, म्हणून एका प्रतीवर तो जड बसतो. विक्रेत्याची तीस-चाळीस टक्के सूट वेगळी. पुस्तकावर जीएसटी नाही, पण कागदावर आणि छपाईवर भरलेला कर त्यामुळेच परत मिळत नाही, तो किमतीत जातो. दुसरीकडे घाऊक खरेदी करणारी संस्था पानं आणि किंमत बघते. चोवीस पानांचं रंगीत पुस्तक साठ रुपयांना आणि शंभर पानांचा काळापांढरा कथासंग्रहही साठ रुपयांना, तर यादीत दुसरा बसतो. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणून जुन्या बोधकथांना मानधन नाही. मग बिरबल, इसाप आणि थोरांची चरित्रं पुन्हा पुन्हा निघतात. बारीक अक्षर, गच्च ओळी, चित्राच्या गडद भागावर छापलेला मजकूर. नवशिक्याला वीस-चोवीस पॉइंटचं अक्षर आणि वेलांटी-उकार एकमेकांत न अडकण्याइतकं ओळींमधलं अंतर लागतं. हिंदी वळणाचे ल आणि श असलेले फाँट तर सर्रास दिसतात. पाटीवर एक ल गिरवलेलं मूल पुस्तकात दुसराच ल बघून थबकतं. खरेदीच्या नियमांत पानांच्या संख्येऐवजी अक्षराचा आकार, रंगीत चित्रं आणि लेखक-चित्रकाराला मानधन दिल्याचा दाखला घातला तर दोन वर्षांत बाजार वळेल, असं मला ठामपणे वाटतं. प्रकाशक यादीप्रमाणे छापतात.

तोवर शाळेच्या हातातले ५,००० रुपये आहेतच. सरासरी किंमत ५५ रुपये धरू. साठ वेगवेगळी पुस्तकं घ्यावीत: वीस एका पानावर एक-दोन ओळींची, वीस चार-पाच ओळींची, दहा लांब गोष्टींची, दहा माहितीची. त्यांतल्याच चार पुस्तकांच्या आणखी सहा-सहा प्रती घ्याव्यात, जोडीने वाचायला. एकूण ८४ प्रती, ४,६२० रुपये. उरलेल्या ३८० रुपयांत सुतळी, कपड्यांचे चिमटे, जाड दोरा आणि सुया. पुरवठादाराचा तयार संच घेऊ नये, त्यात न खपलेलं बांधून दिलेलं असतं. पुण्यातल्या पुस्तकांच्या बाजारात, अप्पा बळवंत चौकात, जाऊन प्रत्येक पुस्तक उभ्या उभ्या वाचून निवडावं. जून सोडून जावं, तेव्हा तिथे गाइडं आणि वर्कबुकांची झुंबड असते. पहिली ते पाचवीला कायद्याने वर्षाला २०० दिवस भरायचे असतात. साठ पुस्तकं, दोनशे दिवस. रोज एक वाचलं तर प्रत्येकाची तीनदा पाळी येते. रोजचे पंधरा मिनिटं म्हणजे वर्षाला पन्नास तास.

पुस्तकं वर्गात, मुलांच्या छातीच्या उंचीवर सुतळी बांधून, मुखपृष्ठ समोर येईल अशी लावावीत. कपाटात कणा तेवढा दिसतो, आणि पातळ चित्रपुस्तकाला तर कणाही नसतो. देवघेवीची वही मुलांनीच ठेवावी: नाव, पुस्तक, नेल्याची आणि आणल्याची तारीख. मावळ-मुळशीच्या पावसात मधल्या पिना गंजतात आणि पानं सुटतात. म्हणून पुस्तक आल्याबरोबर पिना काढून त्याच भोकांतून दोऱ्याचे तीन टाके घालावेत. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये, ती वर्षाभरात पिवळी पडते आणि तिचा डिंक शेजारचं पान ओढतो. पातळ कागदाची पट्टी आणि खळ पुरते. शनिवारी अर्धा तास मुलांच्या हातून हे काम करून घ्यावं.

इतकं करूनही पुस्तकं हरवतील. शंभरातली आठ-दहा दरवर्षी जातील असं धरूनच चालावं. काही मुलाबरोबर ऊसतोडीला जातील, काही धाकट्या भावाच्या हातून फाटतील. हा नासाडीचा आकडा आहे असं मी मानत नाही. ज्या शाळेत पाच वर्षांत एकही पुस्तक गेलं नाही, त्या शाळेकडे खुलासा मागायला हवा. ग्रंथालयांच्या कारभारात यासाठी ‘निर्लेखन’ हा शब्द आहे: वापरून जीर्ण झालेलं किंवा गहाळ झालेलं पुस्तक ठरावाने नोंदीतून कमी करणं. प्राथमिक शाळांना त्याची वाट स्पष्ट आखून दिली तर किल्लीची भीती जाईल. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यांतून हे सुरू होऊ शकतं. जूनच्या पहिल्या सभेत विषय घ्यावा आणि ठराव असा लिहावा: ‘शाळेतील गोष्टीची पुस्तके वर्गात उघडी ठेवण्यात यावीत व मुलांना घरी देण्यात यावीत. वापरात फाटलेल्या व हरवलेल्या पुस्तकांची यादी दर मार्चमध्ये समितीपुढे ठेवावी. एकूण पुस्तकांच्या दहा टक्क्यांपर्यंतच्या निर्लेखनास ही समिती शिफारस करीत आहे. त्याची वसुली कोणत्याही शिक्षकाकडून वा पालकाकडून करू नये.’ खाली सूचक, अनुमोदक, सह्या. एक प्रत केंद्रप्रमुखांकडे, एक गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, आणि एक त्या सुतळीवर, पहिल्या चिमट्याला.